माणगावचं वीरस्मारक : पुस्तिकेच्या कामाची वही

१८ फेब्रुवारी २०२४

काम ठरलं. तालुक्यातल्या शाळांसाठी सोळा पानांची पुस्तिका काढायची. विषय, तहसील कार्यालयाच्या आवारातलं नाईक यशवंत घाडगे यांचं स्मारक. येत्या १० जुलैला त्यांच्या मृत्यूला ऐंशी वर्षं पूर्ण होतात, त्याआधी ती मुलांच्या हातात पडायला हवी.

आवारात रोज माणसांची ये-जा असते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला यांसाठी आलेले लोक पुतळ्याच्या सावलीला टेकतात. नववीच्या मुलांना विचारलं तर ‘बाई, व्हिक्टोरिया क्रॉसवाले’ एवढं पटकन सांगतात. हे इंग्रजांच्या सैन्यातलं सर्वोच्च शौर्यपदक. कुठल्या देशात लढले, कोणाविरुद्ध लढले, सोबत कोण होतं, हे विचारलं की वर्ग गप्प होतो. दोष मुलांचा नाही, त्यांच्या हाती कोणी काही दिलेलंच नाही.

सुरुवातीला एक खुलासा द्यावा लागेल. हे रायगड जिल्ह्यातलं, मुंबई-गोवा महामार्गावरचं माणगाव. १९२० साली शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर ज्या परिषदेत एकत्र आले ते माणगाव कोल्हापूर जिल्ह्यातलं. मुलं शोधायला बसली की हमखास तिकडे पोचतात.

२५ फेब्रुवारी

मूळ तपशील एका पानावर मांडला. घर माणगाव तालुक्यातल्या पळसगावचं. जिल्हा तेव्हाचा कुलाबा, रायगड हे नाव १९८१ चं. जन्म नोव्हेंबर १९२१. पलटण, पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, लष्करी लिखाणात ३/५ मराठा. हुद्दा नाईक. मृत्यू १० जुलै १९४४, इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर, घोषणा नोव्हेंबर १९४४ मध्ये. पदक पत्नीच्या हाती आलं.

बावीस वर्षं. आमच्या शाळेतून बारावी होऊन गेलेली मुलं या वयाला पनवेलला नाहीतर मुंबईला नोकरी शोधत असतात. तेव्हाही कोकणातल्या मुलाला दोनच वाटा होत्या, गिरणी किंवा पलटण. भातशेतीचे तुकडे पडत गेलेले, चार भावांत एक खाचर. मग एक भाऊ गिरणगावात खोलीवर, एक पलटणीत आणि घर मनिऑर्डरीवर. भरतीचं हे कारण पुस्तिकेत आलंच पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य पंचवीस लाखांवर पोचलं. त्यातला फार मोठा भाग अशाच घरांमधला होता.

९ मार्च

पदकासोबतच्या मानपत्राचं मराठी केलं. मूळ मजकूर छोटा आहे, जेमतेम अर्धं पान. घडलं ते असं.

३/५ मराठाच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला केला. यशवंत घाडगे एका सेक्शनचे, म्हणजे छोट्या तुकडीचे, प्रमुख होते. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि प्रमुख सोडून सेक्शनमधला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. ते एकटेच त्या मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला, त्यात मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गारद झाले. मग टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन रिकामं झालं, नवं चढवायला वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी दस्त्याने मारलं. ठाणं हाती आलं. तेवढ्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागल्या आणि जे ठाणं त्यांनी एकट्याने घेतलं होतं, तिथेच त्यांचा प्राण गेला.

शाळेतल्या एका सहकाऱ्यांचं म्हणणं, दस्त्याने मारल्याचं वाक्य लहान मुलांसाठी काढावं, ‘पराक्रम गाजवला’ एवढं पुरे. मला ते मान्य नाही. ‘पराक्रम गाजवला’ या शब्दांनी काहीच दिसत नाही. तिथे चार माणसं मेली आणि पाचवा हा. ती चार माणसंही कुठल्या तरी जर्मन गावातली होती. युद्ध म्हणजे काय हे मुलांना कळायचं असेल तर हे एक वाक्य त्यांना वाचू दिलं पाहिजे. वाक्य ठेवलं.

१६ मार्च

शेजारच्या गावातल्या एका निवृत्त सुभेदारांकडे मानपत्र घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं आणि म्हणाले, “बाई, सगळे नाईकाचंच सांगतात. सेक्शनचं कोण सांगणार?”

मग त्यांनी मला सेक्शन समजावून सांगितलं. साधारण दहा माणसं. एकत्र जेवणारी, एकाच खंदकात झोपणारी, एकमेकांच्या घरची पत्रं वाचून दाखवणारी. मराठा पलटणीत ती कोकण आणि देशावरच्या गावांतलीच असणार. नाईक हा त्यांचा वडीलभाऊ. “डोळ्यांदेखत आपला सेक्शन पडला की माणूस मागे फिरत नाही, फिरूच शकत नाही,” असं ते म्हणाले. स्वतः सेक्शन सांभाळलेल्या माणसाचं हे बोलणं आहे, म्हणून मी ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं.

घरी येऊन मानपत्र पुन्हा काढलं. सेक्शनमधल्या एकाचंही नाव त्यात नाही. पदकाच्या मानपत्रात ते नसतंच, तो त्या कागदाचा प्रकार आहे. पण पुस्तिकेचा रोख इथे बदलला. पुतळा एकाचा आहे, त्याच्याभोवती पडलेले आणि तालुक्यातून गेलेले बाकीचे कोण, हे आता शोधायचं.

३१ मार्च

शोधायचं कुठे, यावर वाचन चाललंय.

इटलीत पडलेल्या हिंदी सैनिकांच्या नोंदी राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाकडे आहेत. मुसलमान सैनिकांचं दफन झालं, हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला आणि त्यांची नावं दहनस्मारकांवर कोरली. फोर्ली, आरेत्झो अशा ठिकाणी ही स्मारकं आहेत. ज्यांचा देह मिळाला नाही किंवा ज्यांची समाधी ठाऊक नाही, अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं कासिनो स्मारकावर आहेत. यशवंत घाडगे यांचं नाव त्यांतच आहे, म्हणजे त्यांची समाधी कुठेही नाही. माणगावचा पुतळा आणि कासिनोचा दगड, एवढंच.

याच पलटणीची मागची पिढी पाहिली आणि मन अस्वस्थ झालं. ३/५ मराठा म्हणजे पहिल्या महायुद्धातली ११०वी मराठा. ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा वेढा चालला. अन्न संपलं, घोडे कापून खायची वेळ आली, शेवटी शरणागती. कैदेत किती तरी मेले. त्या आघाडीवर ज्यांची समाधी नाही अशांसाठी बसरा इथे स्मारक उभारलं, चाळीस हजारांहून अधिक लोकांचं. त्यावर ब्रिटिश शिपायाचं नाव कोरलं. हिंदी सैनिकांपैकी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांची रेजिमेंटच्या नावाखाली नुसती संख्या घातली.

खेड्यापाड्यांत लावलेल्या संगमरवरी पाट्यांचंही तेच. ‘या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले.’ गावाचं नाव आणि दोन आकडे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीची ओळखच पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांमुळे आहे. आकडा सगळ्यांना पाठ असतो, नावं विचारा.

२०२१ साली युद्धस्मशान आयोगाच्याच समितीने अहवालात हे कबूल केलं. आशिया आणि आफ्रिकेतल्या ४५ ते ५४ हजार सैनिकांचं स्मरण इतरांच्या बरोबरीने झालं नाही, आणि आणखी किमान १ लाख १६ हजार जणांचं नावाने किंवा मुळीच झालं नाही. शंभर वर्षांनी का होईना, कागदावर आलं. बसऱ्याच्या भिंतीवर ज्यांच्या पूर्वजाचा नुसता आकडा आहे, अशी घरं आपल्या जिल्ह्यात आजही नांदती आहेत.

१४ एप्रिल

आयोगाच्या यादीत शोध सुरू केला. दुसऱ्या महायुद्धातल्या नोंदी बऱ्याच भरलेल्या आहेत. नंबर, हुद्दा, पलटण, तारीख, आणि पुष्कळदा वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, पत्नीचं नावसुद्धा. अडचण स्पेलिंगची आहे. भरतीच्या वेळी शिपाई नाव सांगणार, कारकून ऐकेल तसं रोमन लिपीत लिहिणार, पुढचा कारकून त्यावरून आणखी तिसरंच. यशवंत हे नावच दोन-तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं. गावांचं तर विचारूच नका, काही नावं मोठ्याने वाचल्यावरच ओळखू येतात. मुलांना जोड्यांनी बसवलंय, एक वाचतो, एक ऐकतो. हा खेळ त्यांना भलताच आवडला आहे, आणि गावांची नावं त्यांना माझ्यापेक्षा लवकर सापडतात.

शोध ‘माणगाव’वर नाही, ‘कुलाबा’वर लावायचा. तळा तालुका तेव्हा वेगळा नव्हता, तिथली गावंही धरायची.

२८ एप्रिल

पलटणींचा गुंता सोडवायला एक पान लागणार. इटलीत मराठा रेजिमेंटच्या तीन बटालियन होत्या, पहिली, तिसरी आणि पाचवी रॉयल. दुसरी, जिला ‘काळी पाचवी’ म्हणतात, ती जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा जर्मन-इटालियन सैन्याच्या हाती सापडली. चौथी बर्माच्या आघाडीवर, मणिपूरमधल्या सांगशाकला लढली. म्हणजे ‘आजोबा मराठा पलटणीत होते’ एवढ्यावरून काही ठरत नाही. एक भाऊ इटलीत, दुसरा कैदेत, तिसरा मणिपूरच्या डोंगरात, हे एकाच घरात होऊ शकत होतं.

तिसऱ्या बटालियनची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९४१ च्या मार्चमध्ये ती एरिट्रियात केरेनच्या कड्यांवर लढली, तेव्हा तिचे कमांडिंग ऑफिसर डेनिस रीड होते. तेच रीड १९४४ मध्ये इटलीत दहाव्या हिंदी डिव्हिजनचे प्रमुख झाले, आणि यशवंत घाडगे यांची पलटण याच डिव्हिजनमध्ये होती. डोंगर चढून ठाणी घेणाऱ्या या माणसांना हा सेनापती आधीपासून ओळखत होता. टायबर खोऱ्यात तेच काम होतं. जून १९४४ मध्ये पेरूजा हाती आलं आणि जर्मन सैन्य उत्तरेला हटू लागलं, पण हटताना प्रत्येक टेकडी धरून, खालच्या वाटेवर मारा करत. खोऱ्यातून पुढे जायचं तर दोन्ही बाजूंच्या उंचीवरची ठाणी एकेक करून घ्यावी लागत. सह्याद्रीत वाढलेल्या पोरांना चढ नवा नव्हता. चढावर समोरून मशीनगन, हे मात्र कोणालाही सवयीचं होत नाही.

स्वातंत्र्यानंतर हीच बटालियन छत्रीधारी झाली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन म्हणून ओळखली जाऊ लागली. ११ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशच्या युद्धात, टांगाईलला जी विमानातून उतरली ती २ पॅरा म्हणजे हीच. मुलांना हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचेही सरळ बसले.

१९ मे

सुट्टीत एक अवघड पान लिहायला घेतलं. प्रश्न दहावीच्या एका मुलीने विचारला होता, “बाई, ते इंग्रजांसाठी लढले ना? मग आपले कसे?”

प्रश्न टाळून चालणार नाही. याच कुलाबा जिल्ह्यात २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या, त्यात नाग्या कातकरी गेला. माथेरानचे भाई कोतवाल भूमिगत होऊन लढले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीने हुतात्मा झाले. त्यानंतर दीड वर्षाने यशवंत घाडगे त्याच सरकारच्या गणवेशात इटलीत पडले. एकच जिल्हा. एकाला सरकारने गोळी घातली, दुसऱ्याला त्याच सरकारने सर्वोच्च पदक दिलं.

मला वाटतं, दोघांना एकमेकांसमोर उभं करून मार्क देण्यात अर्थ नाही. यशवंत घाडगे यांनी कोणाची बाजू घ्यायची हे पुण्या-मुंबईच्या सभेत बसून ठरवलेलं नव्हतं, त्यांच्यापुढे घर होतं आणि पगार होता. शिवाय समोर कोण होतं तेही पाहायला हवं. हिटलरचं सैन्य हरलं ते ज्या लाखोंमुळे, त्यांत हा पळसगावचा मुलगा आहे. त्याचा उपयोग इंग्रजांनी करून घेतला, हे खरं. त्याचं धैर्य इंग्रजांचं नव्हतं, हेही तितकंच खरं. चिरनेरचं आणि सिद्धगडाचं नाव पुस्तिकेत याच पानावर घातलं. मुलांनी दोन्ही ठिकाणी जावं.

२ जून

इटलीतल्या स्मारकाचं पान.

मोंतोने हे पेरूजा प्रांतातलं टेकडीवरचं छोटं गाव, जुन्या तटबंदीचं. लोकवस्ती आपल्या एखाद्या मोठ्या ग्रामपंचायतीएवढी. तिथल्या पालिकेने आणि इटालियन लष्करी इतिहासकारांनी जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांचं स्मारक उभारलं. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे आणि त्यावर लॅटिन वचन आहे, आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत अशा अर्थाचं. तेव्हा भारत सरकारने प्रसिद्ध केलेले आकडे पानात घेतले. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक हिंदी सैनिक, त्यांत ५,७८२ मृत्यू, जखमी-बेपत्ता धरून एकूण हानी २३,७२२. या मोहिमेत दिलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी सैन्यातल्या जवानांना. त्यांतले दोन मराठा पलटणीचे, यशवंत घाडगे आणि नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव. जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर पराक्रम केला आणि ते जिवंत परतले.

परक्या देशातल्या एका छोट्या गावाने, आपल्या भूमीवर पडलेल्या परक्या शिपायाला एवढ्या वर्षांनी नावानिशी आठवलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. त्या गावाला यातून काही मिळवायचं नव्हतं.

२३ जून

शाळा सुरू झाली. विज्ञानाच्या सरांनी कल्पना काढली की आपणही आवारात सूर्यघड्याळ करू. मोंतोनेच्या मापाने ते इथे चालणार नाही, हे त्यांनी मुलांकडूनच काढून घेतलं. आडव्या सूर्यघड्याळाची तिरपी पट्टी त्या जागेच्या अक्षांशाएवढी कललेली लागते. मोंतोने साधारण ४३ अंशांवर, माणगाव १८ वर, म्हणजे आपली पट्टी बरीच आडवी. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, माणगाव ७३ च्या जरा पुढे, म्हणून आपला खरा मध्यान्ह बाराच्या नंतर साधारण ३७ मिनिटांनी आणि जुलैत त्यातही चार-पाच मिनिटं उशिरा.

याहून मजेची गोष्ट, १० जुलैला सूर्य माणगावच्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणून त्या दिवशी मध्यान्हीची सावली इथे दक्षिणेला पडते आणि मोंतोनेला उत्तरेला. मुलांनी गोल, विजेरी आणि टाचणी घेऊन हे करून पाहिलं. आकृती पुस्तिकेत घेतली. प्रत्यक्ष पाहायला ऊन मिळणार नाही, आषाढात कोकणात सूर्य कुठला! घड्याळाचं बांधकाम दिवाळीनंतर.

७ जुलै

छपाई झाली. मधली दोन पानं नावांची. यादीतून ज्यांचं गाव नक्की जुळलं तेवढीच छापली. हुद्दा, नाव, गाव, तारीख, कुठल्या स्मारकावर नोंद. गावाबद्दल जराही शंका असलेलं नाव ठेवलेलं नाही, ती वहीत वेगळी आहेत. १० जुलै १९४४ च्या आसपासची ३/५ मराठाची नावंही स्वतंत्र चौकटीत दिली, जिल्हा कुठलाही असो. त्यांतला कोण त्या सेक्शनमधला होता हे ठरवायचा आधार नाही, म्हणून वर मथळा एवढाच घातला, ‘त्याच पलटणीचे, त्याच दिवसांतले’.

सुभेदारसाहेबांना पहिली प्रत नेऊन दिली. ते आधी मधलं पान उघडून बसले आणि एकेक नाव मोठ्याने वाचत गेले. दोन गावांच्या नावांची छपाई त्यांनी दुरुस्त करून दिली.

१० जुलै

पाऊस धो धो. कार्यक्रम शाळेच्या सभागृहात घेतला. भाषणं नकोत असं आधीच ठरलं होतं. नववीच्या मुलांनी मानपत्र वाचलं, पूर्ण, एकही वाक्य न गाळता. मग यादीतली नावं ज्या-त्या गावच्या मुलाने वाचली. ज्या गावचं मूल आमच्या शाळेत नाही, तिथलं नाव शिपाईमामांनी वाचलं.

नंतर एक आजी पुढे आल्या, नातवाला घेऊन. त्यांच्या सासऱ्यांचे भाऊ ‘बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत’, एवढंच त्यांना ठाऊक. नाव आणि गाव सांगितलं. तारीख नाही, पलटण नाही. वहीत घेतलं.

१७ जुलै

आजींच्या नोंदीमुळे कामाचा दुसरा भाग उघडला, पहिल्या महायुद्धाचा. मुलांना एक पानी तक्ता दिलाय, घरोघर विचारून भरायचा. सैनिकाचं नाव, वडिलांचं नाव, गाव आणि वाडी, कोणत्या युद्धात, पलटण माहीत असल्यास, परत आले की नाही, घरी कागद, पदक किंवा फोटो आहे का. पदक किंवा कागद कोणीही शाळेत आणायचा नाही, घरीच मोबाइलवर फोटो काढायचा, ही सूचना तक्त्यावर ठळक छापली आहे. या वस्तू एकदा घराबाहेर गेल्या की परत येत नाहीत. तक्ते गणपतीच्या सुट्टीआधी गोळा करायचे, कारण त्या सुट्टीत मुंबईकर गावी येतात आणि राहिलेले रकाने त्यांच्याकडून भरून घेता येतील.